कोकणात, मे महिन्यात, भर दुपारी लग्न: वरमाईने नेसायचं तरी काय?

रायआवळा

नमस्कार मंडळी. मुलाचं लग्न ठरलंय. २४ मे, मुहूर्त दुपारी १२ वाजून १७ मिनिटं. मुलगी देवरुखजवळची. हॉल नाही, एसी नाही. लग्न तिच्या घरच्या अंगणात मांडव घालून. तिच्या आजोबांची तशी इच्छा आहे, त्यामुळे त्यात आम्ही मोडता घालणार नाही.

पण बाकी सगळं साग्रसंगीत हं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी मुहूर्त, होम, विहिणीची पंगत, सूनमुख, झालच्या (मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवायच्या) वेळी कोण कुठे बसणार इथपर्यंत ठरलंय. आणि नणंदेने फोनवर बजावलंय, "वरमाय आहेस, सुती-बिती नेसून उभी राहू नकोस."

माझी अडचण अशी की मला घाम फार येतो. पाच वर्षांपूर्वी चिपळूणला भाच्याच्या लग्नात भरजरी शालू नेसले होते. चौथं मंगलाष्टक चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी प्रत्येक फोटोत खुर्चीवर, हातात लिंबू सरबताचा पेला. मागे कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घालतंय.

यजमान सूट घालायचा म्हणतात. चिरंजीव न्यू जर्सीत असतात, त्यांनी ऑनलाइन शेरवानी मागवली आहे. बाटलीच्या हिरव्या रंगाची मखमल! शिवाय त्याचे ऑफिसातले दोन अमेरिकन मित्र येणार आहेत, ते रोज विचारतात काय घालू. सुचवा काहीतरी. आब राहिला पाहिजे आणि मी उभी राहिले पाहिजे.

निम्मा_चहा

मखमल. मे अखेर. देवरुख. चिरंजीवांना मे महिन्यात कधी कोकणात आणलं होतं का हो? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

वऱ्हाडी_ठेचा

ताई, तुमच्याकडे ३४-३५ म्हणजे आमच्याकडची थंडी. नागपूरला मेमध्ये ४४-४५ ला लग्नं लागतात न राजेहो! मांडवाच्या चार कोपऱ्यांत चार डेझर्ट कूलर लावा. साडी जाड सुती, बाह्या कोपरापर्यंत, वरात निघाली की डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा. मुहूर्त गोरज घ्यायला हवा होता. आमच्याकडे तोच असतो, आणि वरात नाचण्यात तो नेमाने टळतो.

शिवणकाम_सुरू

वऱ्हाडीभाऊ, तुमचा सल्ला नागपूरला शंभर नंबरी, पण देवरुखला तो अंगावर उलटेल. कोरड्या हवेत घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार होतं. म्हणून तुमच्याकडे अंग झाकून ऊन अडवलं की काम झालं. कोकणात मे अखेरीस हवाच ओली असते. घाम वाळायला जागाच नाही, तो नुसता वाहतो. तिथे वारा आत शिरून बाहेर पडला पाहिजे. कूलर तर मुळीच लावू नका, तो पाणी हवेत सोडूनच गार करतो. आधीच चिकचिक, त्यात आणखी ओल. मोठे पंखे लावा, भाड्याने मिळतात.

रायआवळाताई, सांगलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. उन्हाळ्यातल्या लग्नाच्या बायका येतात त्या साडीच्या कापडाबद्दल तासभर बोलतात. अस्तराबद्दल एकही जण विचारत नाही. अहो, उकडतं ते अस्तरामुळे! वरून उत्तम रेशीम आणि आत क्रेप नाहीतर सॅटिनचं अस्तर, म्हणजे पॉलिएस्टर. रेनकोट घालून मांडवात उभं राहिल्यासारखं. चिपळूणच्या त्या ब्लाउजची बाही उलटी करून बघा बरं. अस्तर हाताला गुळगुळीत, थंड आणि घसरडं लागलं तर तुमच्या अंधारीचं अर्धं कारण तेच.

शंका असेल तर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास, राख भुरभुरीत. रेशीम केसासारखं जळतं, वासही तोच. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो.

ब्लाउजला सुती अस्तर सांगा, टू बाय टू रुबिया किंवा चांगलं मऊ कॅम्ब्रिक. आणि ते शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यायचं. सुती अस्तर आटतं, रेशीम तितकं आटत नाही. न भिजवता शिवलं तर पहिल्याच घामात आतून चुण्या पडतात. काखेत कप लावू नका, त्याऐवजी सुती कापडाचे दुपदरी अर्धगोल टाचून घ्या, नंतर उसवता येतात. परकर पॉपलीनचा, नाडीचा. हल्ली तो अंगाबरोबरचा ताणणारा परकर निघालाय, फोटोत छान दिसतो, पण तो घालून जेवायलाही बसवत नाही.

रायआवळा

उलटी करून पाहिली. गुळगुळीत, थंड, घसरडं. काय बोलू आता!

निम्मा_चहा

पाच वर्षं त्या बिचाऱ्या शालूला शिव्या घातल्यात.

येवलेकर_सून

माझ्या सासरी माग आहे, म्हणून दोन शब्द. पैठणी म्हणजे गरम, जड, असं सरसकट म्हणतात ते पटत नाही. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे धागे मागच्या बाजूला लोंबत नाहीत. जिथे मोर आहे तिथल्याच उभ्या धाग्यांत ते गुंफलेले असतात, म्हणून उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. अंगाचा भाग त्यामुळे एकपदरी पातळ राहतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागून धागे सुटे धावतात. ते एकतर टोचतात आणि वर कापडाला दुसरा थर चढवतात. बऱ्याचशा भरजरी शालूंचंही तेच. नेसायच्या आधी काठाच्या मागून बोट फिरवा, बोट अडकलं तर समजा की ती साडी मांडवात तुम्हाला उकडवणार.

घरात आईची-सासूबाईंची जुनी पैठणी असेल तर तीच काढा. जुनं रेशीम मऊ पडलेलं असतं. फक्त घडीवर हात फिरवून कुठे विरली नाही ना ते पाहा. बारीक बुट्टीची, नारळी काठाची असली तर फारच छान. पदरावर अख्खी बाग नको, पदराची जर हेच सगळ्यात मोठं वजन असतं.

कवडशातली_आजी

मी एकाहत्तर वर्षांची आहे, नात टाइप करून देते. तुम्हा सगळ्यांचं वाचून गंमत वाटली. लग्नात सगळ्यात मानाचा क्षण कोणता? अंतरपाट. आणि त्या क्षणाला आमच्याकडे नवरी काय नेसायची? पिवळी अष्टपुत्री. सुती! पातळ, हळदीच्या रंगाची. जरीचं सगळं नंतर. आणि नवरा होमाला बसायचा तो सोवळं नेसून, अंगावर नुसतं उपरणं. मे महिन्यात निखाऱ्यांसमोर दीड-दोन तास बसायचं म्हणजे उघड्या अंगासारखा शहाणपणा नाही. आमच्या आधीच्या माणसांना हे कळत होतं. सुती म्हणजे हलक्या दर्जाचं, हे कधीपासून झालं देव जाणे.

माझ्या लग्नात मला आठवतं ते जांभ्याच्या अंगणाचं. मांडवाबाहेरचे दगड इतके तापले होते की वऱ्हाड चपला काढल्यावर नाचत नाचत आत आलं. तुमच्या व्याह्यांना सांगा, पायरीपासून मांडवापर्यंत ओली गोणपाटं अंथरा.

रायआवळा, तुम्ही नऊवारी का नेसत नाही? चापूनचोपून नेसलेल्या लुगड्याला परकर नाही, दोन्ही पायांतून वारा. शिवलेली मात्र नको गं बाई, तिला आतून विजार आणि अस्तर असतं.

शिवणकाम_सुरू

आजी, नमस्कार. शिवलेली नऊवारी मीच महिन्याला दहा शिवते, पण तुमचं खरं आहे.

मडगावकार

यजमानांच्या सुटाबद्दल लिहितो. आमच्या गोव्यात ख्रिस्तांवांची लग्नं मे महिन्यात भरपूर. लेंतमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) लग्नं होत नाहीत, जूनमध्ये पाऊस, मग मधल्या एप्रिल-मेमध्ये गर्दी. दुपारी इगर्जीत (चर्चमध्ये) नवरा, धेडे (नवऱ्याचे पाठराखे), बापूय (वडील), सगळे काळ्या सुटात, गळ्यात टाय. मी असे पंधरावीस सूट घालून घामाघूम झालेला माणूस आहे, तेव्हा ऐका.

सुटाचं कापड लोकरीचं घ्या.

थांबा, हसू नका. स्वेटरची लोकर म्हणत नाही मी. उन्हाळी सुटांसाठी बारीक, पिळदार सुताचं, साध्या उघड्या विणीचं लोकरीचं कापड मिळतं. चौरस मीटरला २२०-२५० ग्रॅमच्या आसपास. दुकानात ठाण उजेडासमोर धरा, बारीक जाळी दिसली पाहिजे. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पॉली-व्हिस्कोस स्वस्त असतं, दुकानात चकचकीत दिसतं, मात्र पंधरा मिनिटांत पाठीला चिकटतं. लिननही चालेल, पण ते बसल्याउठल्या चुरगळतं. वरपित्याला बसणं-उठणं-वाकणं पुष्कळ.

आणि शिंप्याला सांगा, कोटाला अर्धंच अस्तर. फक्त खांदे आणि बाह्या. पाठ मोकळी. आतल्या शिवणी मग नीट बांधून घ्याव्या लागतात, म्हणून शिंपी टाळाटाळ करतात. ऐकू नका. शर्टाच्या आत सुती बनियन घालायचाच, घाम तो पितो.

निम्मा_चहा

मे महिन्यात लोकर. आता एवढंच ऐकायचं राहिलं होतं. उद्या कोणी रजई सुचवेल.

मडगावकार

एकदा घालून बघा आणि मग बोला. मी मडगावातच आहे.

एडिसनचा_पाव्हणा

अमेरिकन मित्रांसाठी: माझ्या लग्नात, कोल्हापूरला, माझ्या टीममधले चौघे आले होते. त्यांना "फॉर्मल" म्हटलं की काळा सूट एवढंच कळतं, आणि "इंडियन" म्हटलं की ते तिकडच्या दुकानातून सोनेरी झगझगीत काहीतरी उचलतात, जे इकडे बँडवालेच घालतात. तुम्हीच इथे दोन कुर्ते घेऊन ठेवा, सुती किंवा खादी सिल्क, मोतिया नाहीतर फिकट रंगाचे, आणि खांद्यावर काठाचं उपरणं. पायजमा नाडीचा देऊ नका. आमच्यातल्या एकाची नाडी अक्षता टाकताना सुटली. अक्षता टाकायचं सोडून तो दोन्ही हातांनी पायजमा धरून उभा. इलॅस्टिक द्या.

माप मागवताना छातीचं मागवाच, पण खांद्याचंही मागवा. आणि काखेत चौकोनी तुकडा घातलेला जुन्या पद्धतीचा कुर्ता मिळाला तर उत्तम, हात वर केला तरी ताणत नाही, वाराही खेळतो.

वऱ्हाडी_ठेचा

कूलरचं मान्य. पण एक गोष्ट आमच्या विदर्भाची घ्याच. सीमांतपूजनाला करवती काठाची कोशाची साडी नेसा. भंडारा-नागपूरकडचं टसर. काठावर करवतीचे दात असतात म्हणून हे नाव. कोसा जरा खरबरीत असतो, अंगाला लपेटून चिकटत नाही, आणि मूळचा मधासारखा रंग संध्याकाळच्या दिव्यात असा दिसतो की नणंदबाई गप्प बसतील.

रायआवळा

सगळ्यांचे आभार! ठरत आलंय. सीमांतपूजनाला कोसा (वऱ्हाडीभाऊ, पत्ता व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करा). मुहूर्ताला आईची १९८४ सालची पैठणी, जांभळी, नारळी काठ, मागून बोट फिरवलं, कुठेही अडकलं नाही. जेवणाच्या पंगतीला माहेश्वरी. उभा धागा रेशमी, आडवा सुती, त्यामुळे दिसते रेशमी आणि वागते सुतीसारखी.

राहिला प्रश्न फेट्यांचा. यजमान, मुलगा, सगळे पुरुष, आणि हौस म्हणून करवल्यासुद्धा. फेटेवाला सकाळी साडेनऊला येतो म्हणतो, कारण त्याला पुढे संगमेश्वरला दुसरं लग्न आहे. आणि चिरंजीव मखमलीवर ठाम.

शिवणकाम_सुरू

साडेनऊला बांधलेला फेटा बारा वाजेपर्यंत डोकं उठवतो. आठ-नऊ मीटर कापड असतं ते! त्याला सांगा, अकराला ये, नाहीतर तुझ्या हाताखालचा पोरगा मागे ठेव. कापड सुती मलमलीचं, खळ कमी. तयार टोपीसारखे फेटे आत पुठ्ठा-फोमचे असतात, ते तर घेऊच नका. कपाळाला लागतो तिथे आधी सुती पट्टी बांधायची म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही आणि रंगही कपाळाला लागत नाही. हा रंग लागण्याचा प्रकार फार होतो, भगव्या फेट्याचा विशेषतः.

मखमलीचं मी काय सांगू. व्हिडिओ कॉलवर त्याला दुपारी बाराला गॅलरीत शाल पांघरून बसायला सांगा.

कवडशातली_आजी

सांगू नका काही. होमाला बसताना गुरुजी काढायला लावतीलच.

दागिनेवेडी

कोणीच दागिन्यांचं लिहिलं नाही. चिंचपेटी गळ्याला घट्ट बसते, घामात तिच्याखाली घामोळं येतं. मुहूर्तापुरती घाला, नंतर तन्मणी किंवा लांब मोहनमाळ. नकली दागिने घामात त्वचेवर हिरवे-काळे वळ उठवतात, म्हणून कमी घाला पण खरे घाला. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेलेही चालतात. गजरा मोगऱ्याचा. सुरंगीचा वळेसर हवा असेल तर मे अखेर उशीर झालेला असतो, मिळायचा नाही.

रायआवळा (३० मे)

मंडळी, लग्न पार पडलं. हा वृत्तांत.

आधी मखमल. सीमांतपूजनाला संध्याकाळी त्याने हट्टाने घातली. पंखा समोर होता, तरी आरती होईपर्यंत कॉलरपासून पाठीवर हिरवा रंग गडद होत होत खाली उतरत गेला, नकाशासारखा. तो काही बोलला नाही. रात्री बघते तर शेरवानी खुर्चीच्या पाठीवर उलटी टाकलेली, आतलं सॅटिन पिळून काढण्याइतकं ओलं, आणि साहेब आजेसासऱ्यांचं सोवळं कसं नेसायचं ते गुरुजींच्या मुलाकडून शिकत होते. मुहूर्ताला त्याने सासरकडून आलेला चंदेरी कापडाचा साधा कुर्ता घातला, होमाला सोवळं आणि उपरणं. आजी, गुरुजींना बोलावंच लागलं नाही.

माझा ब्लाउज मात्र फसला. शिंप्याला तीनदा सांगितलं होतं अस्तर भिजवून घ्या. "हो मॅडम, भिजवलंय." कुठलं भिजवतोय! साडेअकराला बाह्या आतून आखडल्या आणि कोपराच्या वर चुण्याच चुण्या. भाचीने पदर असा काही पिनअप केला की डावा हात झाकला गेला. उजव्या हाताने मी सगळ्यांना नमस्कार करत होते, तो दिसलाच. पण अंधारी आली नाही. शेवटच्या 'शुभमंगल सावधान'ला पायांवर उभी होते. पैठणी आतून ओली झाली होती, पण अंगाला चिकटली नाही.

नणंद आली, पदर हातात घेऊन उलटा करून बघितला, आणि विचारलं, "ही तुला कधी दिली होती आईने?" म्हणजे त्यांना वाटलं त्यांच्याच घरची. मी म्हटलं, माझ्या आईची. पुढे काही बोलल्या नाहीत.

मडगावकार, तुमच्यासाठी खास: यजमानांनी ऐकलं नाही, दुकानदाराने गळ्यात मारलेलं "लिनन-लूक" कापड घेतलं. धागा जाळून पाहिला असता तर मणी झाला असता. कन्यादानाच्या आधीच कोट खुर्चीवर गेला. अमेरिकन मित्रांपैकी एकाने कुर्ता घातला. दुसरा मात्र निळ्या कोटातच आला. मी हात लावून पाहिलं, पातळ लोकर, पाठीला अस्तर नाही. तो पूर्ण वेळ कोटात होता. चेहरा टोमॅटोसारखा लाल, पण कोट कोरडा!

ओल्या गोणपाटांची कल्पना व्याह्यांनी उचलली. फक्त त्यावरून चालल्यावर सगळ्यांची पावलं मातकट झाली आणि मांडवातल्या पांढऱ्या चादरीवर दोनशे माणसांचे ठसे उमटले. फोटोग्राफर वैतागला.

फेटेवाला साडेनऊलाच आला.

निम्मा_चहा

मडगावकार, रजईचे शब्द मागे घेतो. अर्धे.

येवलेकर_सून

ताई, पैठणी लगेच घडी घालून ठेवली नाहीत ना? घामाचे क्षार राहिले की रेशीम तिथेच विरतं. घरात सावलीत, उलटी करून, दांडीवर दोन दिवस वारा लागू द्या. मग सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको.

रायआवळा

दांडीवरच आहे, आजचा पाचवा दिवस. पाऊस यायच्या आत उचलेन. एकच प्रश्न राहिला. यजमानांच्या पांढऱ्या उपरण्यावर हळदीचे मोठे डाग पडलेत आणि आमच्या बाईंनी साबण लावल्याबरोबर ते लालभडक झाले. उपरणं गेलं का?

कवडशातली_आजी

नाही गेलं. हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. साध्या पाण्यात दोनदा खळबळा, लाल जाऊन परत पिवळं होईल. मग उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. सुती आहे ना? मग दोन दिवसांत पांढरं होईल.

रायआवळा

सुती आहे, आजी. टाकलं गच्चीत.